एक ब्रास म्हणजे किती डोंगर?

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट जाडीचा थर म्हणजे एक ब्रास. शंभर घनफूट. वाळू, खडी, डबर, मुरूम, माती, सगळं याच मापाने विकलं जातं. सहाचाकी डंपरात दोन-अडीच ब्रास बसतात, दहाचाकी हायवात चार-पाच. पोकलेनवाल्याचा हिशोब ब्रासवर, ठेकेदाराचं बिल ब्रासवर, तलाठ्याचा पंचनामा ब्रासवर आणि तहसीलदाराची दंडाची नोटीसही ब्रासवर. महाराष्ट्रात कुणी टेकडीचा पायथा कापला, तर त्या टेकडीचं काय झालं हे सरकारी कागदावर बहुधा एका ओळीत येतं: अमुक गट नंबरमधून अमुक ब्रास मुरुमाचं उत्खनन.

ही ओळ मला पहिल्यांदा खटकली ती स्वतःच्या घरामुळे. आमची इमारत पुण्यातल्या एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. मागून ओढा जातो. पावसाळ्याचे चार महिने वाहतो, एरवी कोरडा. बारा वर्षांत त्याचं पाणी कुंपणाच्या आत आलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या मोकळ्या रानात डंपर सुरू झाले. रात्री दहानंतर यायचे, पहाटे थांबायचे. महिनाभरात ते रान रस्त्याच्या पातळीला आलं, म्हणजे पहिल्यापेक्षा सहा-सात फूट वर. ओढा होता तिथे दोन फूट व्यासाचा सिमेंटचा एक पाइप टाकलेला दिसला. त्या जूनमध्ये पाऊण तासाच्या एका पावसात आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी चढलं. रखवालदाराचं कुटुंब खालच्याच खोलीत राहायचं. त्याच्या धाकट्या मुलीला वरच्या मजल्यावरच्या मुलांनी जिन्यातून हात देऊन ओढून घेतलं. ती रात्र मी विसरलेलो नाही.

तक्रार घेऊन फिरलो. एका कार्यालयात सांगितलं, बांधकाम झालेलं नाही, तेव्हा हा विषय आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयातून माणूस आला, टेप लावून गेला. पंधरा दिवसांनी कळलं की जागामालकाने मुरुमाची रॉयल्टी भरल्याच्या पावत्या दाखवल्या आणि प्रकरण मिटलं. ओढ्याचं काय, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. तेव्हापासून कापलेले डोंगर आणि बुजवलेले ओढे बघत हिंडण्याची, आणि त्यांच्यावरचे कायदे वाचण्याची सवय लागली ती लागलीच.

*

महाराष्ट्रात जमीन खणण्यावरचा सर्वांत जास्त वापरला जाणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्यातलं कलम ४८. जमिनीच्या पोटातल्या खनिजावर हक्क सरकारचा, हे त्याचं मूळ. परवानगीशिवाय ते काढलं तर पोटकलम ७ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि पोटकलम ८ खाली यंत्रं व वाहनं जप्त करण्याची मुभा. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. साधी माती या यादीत उशिरा आली. ३ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून बंधारे, रस्ते, रेल्वे आणि इमारतींच्या कामात भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी सामान्य माती गौण खनिज ठरवली.

यातून पुण्यात एक मोठा वाद उभा राहिला. इमारतीचा पाया खणला, निघालेली माती त्याच प्लॉटवर पसरली, तरी महसूल खात्याकडून दंडाच्या नोटिसा येऊ लागल्या. बांधकाम व्यावसायिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ डिसेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की माती गौण खनिज होते ती अधिसूचनेत लिहिलेल्या कामासाठी वापरली तरच. पाया खणताना निघालेली माती तिथेच वापरली, तर सरसकट दंड लावता येणार नाही, प्रत्येक प्रकरणात वापर तपासावा लागेल. पुढे २०१५ साली राज्याने गौण खनिजाच्या २०१३ च्या नियमांत तशी दुरुस्तीही केली. प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन नाही.

कायद्याच्या अंगाने हा निकाल योग्य आहे. घराचा पाया खणणाऱ्याला खाणवाला समजणं चूकच होतं. पण उतारावरच्या जमिनीत याचा अर्थ काय होतो, ते बघा. वरची बाजू कापायची, निघालेला मुरूम खालच्या बाजूला लोटायचा आणि सपाट जागा तयार करायची, ही टेकडीवर प्लॉट पाडण्याची सगळ्यात स्वस्त रीत. एक ब्रासही प्लॉटच्या बाहेर जात नाही. रॉयल्टीच्या दृष्टीने तिथे काही घडलेलंच नसतं. डोंगराच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी एकदम घडलेल्या असतात. त्याचा पाय कापला गेलेला असतो आणि त्याच्या पोटावर सैल मातीचा ढीग रचलेला असतो.

आणि रॉयल्टी भरायची म्हटली तरी किती? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर दहा फूट खोल कापलं की १०,८९० घनफूट, म्हणजे साधारण १०९ ब्रास. ब्रासला ६०० रुपये दराने ६५,४०० रुपये. पुण्याभोवती सपाट गुंठा किती लाखांना जातो हे वाचकांना सांगायला नको. टेकडीला वाचवायला हा आकडा पुरत नाही. तो त्यासाठी ठरवलेलाही नाही. सरकारच्या मालकीची वस्तू कुणी नेली तर तिचं मोल वसूल व्हावं, एवढंच त्याचं काम.

दुसरा कायदा आहे, आणि तो जास्त जवळचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात, तोही १९६६ चाच, विकास या शब्दाच्या व्याख्येत फक्त इमारत नाही. जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं अभियांत्रिकी वा खाणकामाचं कामही त्यात येतं. म्हणजे टेकडी कापणं हाच मुळात विकास, आणि त्याला आधी परवानगी हवी. वर एक वीटही चढलेली नसली तरी. कागदावर हे इतकं स्पष्ट असताना माझ्यासमोर टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने बांधकाम नाही म्हणून हात वर केले, याचं मला अजून वाईट वाटतं.

*

६ जून २०१३. पावसाळ्याचा पहिला जोर. पुणे-सातारा महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ, शिंदेवाडीत, डोंगरावरून आलेलं पाणी एकाएकी रस्त्यावर उतरलं. एक तरुण आई आणि तिची लहानगी मुलगी त्या लोंढ्यात वाहून गेल्या. वरचा उतार प्लॉटसाठी कापून सपाट केलेला होता आणि पाण्याच्या जुन्या वाटा भरावाखाली गेल्या होत्या. महामार्गाखालच्या मोरीकडे जायला वाटच न उरल्याने पाणी रस्त्यावर आलं. त्यानंतर टेकडीफोड हा शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोजचा झाला. पाहण्या झाल्या, गुन्हे दाखल झाले, दंडाच्या नोटिसा निघाल्या. नोटिसांतली भाषा पुन्हा ब्रासचीच.

त्याच कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा निघतो. पेशवाईत कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. डोंगराचं पाणी कुठून उतरतं आणि कुठे साठतं हे इतकं नेमकं माहीत असलेलं हे शहर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर भागात घरांच्या भिंती पाडल्या. शहर आणि आसपासच्या भागात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. त्या रात्री पाऊस भयंकर होताच. पण ओढ्याची रुंदी जिथे जिथे राडारोडा टाकून, सीमाभिंती पुढे सरकवून आवळलेली होती, तिथे पाण्याने आपली जुनी रुंदी परत घेतली.

*

डोंगर आतून कसा असतो, हे समजल्याशिवाय तो कापण्याचा नियम करता येत नाही. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा. एक थर कठीण काळ्या पाषाणाचा, त्यावर कुजलेला, ठिसूळ मुरूम, मधेच कुठे लाल मातीची पट्टी, पुन्हा पाषाण. पावसाचं पाणी वरच्या मुरमात मुरतं, खाली कठीण थर लागला की त्याच्यावरून आडवं सरकतं आणि जिथे थर उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. गावं वसली ती बहुतेक या झऱ्यांच्या आसपास. तुम्ही पोकलेनने उतार उभा कापला, की आतल्या पाण्याला नवं तोंड मिळतं. पहिल्या पावसाळ्यात तिथून गढूळ पाझर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मुरूम सुटू लागतो. म्हणून कापलेला डोंगर उन्हाळ्यात बघून काही कळत नाही. मार्चमध्ये भिंतीसारखा ताठ उभा असलेला कट बघून माणूस फसतो.

कोकणात आणि गोव्यात प्रकार वेगळा. तिथे वर जांभ्याची टोपी आणि खाली मऊ चिकणमाती, जिला काही भागांत शेडी म्हणतात. जांभा कापायला सोपा, उन्हात तापून घट्ट होतो, त्यामुळे उभा कट बरीच वर्षं टिकल्यासारखा दिसतो. पण कट खालच्या शेडीपर्यंत पोहोचला की गोष्ट बदलते. ओली शेडी साबणासारखी सरकते आणि वरची टोपी अधांतरी राहते.

कोकण रेल्वे हा धडा फार महागात शिकली. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. डोंगर कापून काढलेल्या खोल खोदाया हा त्या कामाचा मोठा भाग होता. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ एका खोदाईतून दगडमाती रुळावर आली आणि गाडी तीवर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला, कारण पुन्हा रुळावर आलेले दगड. त्यानंतर उतार मागे घेऊन सौम्य करण्याची, जाळ्या मारण्याची, वरून येणारं पाणी चरांनी वळवण्याची कामं वर्षानुवर्षं चालू राहिली. ज्या उताराला सुरुवातीलाच आणखी थोडी जागा देता आली असती, त्याला ती नंतर द्यावी लागली. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात परशुराम घाटाने तेच दाखवलं. २०२२ मध्ये कटाईचं काम करण्यासाठी तो घाट रोज काही तास बंद ठेवावा लागला होता.

रस्त्यांच्या बाबतीत नियमच सैल केला गेला होता, हेही इथे सांगायला हवं. २८ मार्च २०२० रोजी, देश टाळेबंदीत असताना, केंद्राने एक अधिसूचना काढली. रस्ते, पाइपलाइन अशा रेषेसारख्या लांबलचक प्रकल्पांसाठी सामान्य माती काढायला पर्यावरण मंजुरीची गरज नाही, असं तीत होतं. किती माती, कुठून, किती क्षेत्रातून, याला मर्यादा नव्हती. चार वर्षांनी, २१ मार्च २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. मधल्या चार वर्षांत जे डोंगर रस्त्यांखाली भराव होऊन गेले, ते गेले.

*

माणसाने उतार कापू नये, असं मला म्हणायचं नाही. सह्याद्रीत आणि कोकणात भात पिकतं ते उतार कापूनच. सिंधुदुर्गातल्या माझ्या आजोळी घराखाली भाताचे सात कुणगे होते, एकाखाली एक, आणि प्रत्येकाची मेर, म्हणजे बांध, दरवर्षी मृगाच्या आधी हाताने बांधून घ्यायचे. वरच्या कुणग्यातलं जादा पाणी खालच्यात कुठून सोडायचं, ते तोंड ठरलेलं. भावाभावांत भांडणं झाली तरी ते तोंड कुणी हलवत नसे. घराभोवतीचा गडगा जांभ्याच्या सुक्या चिऱ्यांचा, मधे चुना नाही, सिमेंट नाही. लहानपणी मला ती गरिबी वाटायची. आता कळतं की त्या फटींतून पाणी निघून जायचं म्हणून गडगा उभा राहायचा. आज त्याच उतारांवर काँक्रीटची संरक्षक भिंत चढते, आणि पाणी निघायची भोकं ठेवायचा कंटाळा केला की तिच्यामागे पाणी साठून ती पहिल्या मोठ्या पावसात पोट काढते.

आंबेगाव, जुन्नर भागातले आदिवासी शेतकरी उतारावर असं खाचर पाडण्याला पडकई म्हणतात. उतारावर दगडाची ताल रचायची, वरची माती ओढून मागे भरायची आणि भाताचं खाचर तयार करायचं. भर उन्हाळ्यात, आज याच्या रानात तर उद्या त्याच्या, सगळ्या वाडीने मिळून. एका उन्हाळ्यात जेवढं हाताने होईल तेवढंच व्हायचं, आणि प्रत्येक तालीला एक पावसाळा बसायला मिळायचा. पुढे पडकई सरकारी योजनांत आली, काही ठिकाणी यंत्रंही आली.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. एसटीच्या चालकाला रोजच्या वळणावर गाव दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. १५१ माणसं गेली. त्यानंतर बोट पडकईकडे, विशेषतः यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे दाखवलं गेलं. त्या भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते ठामपणे नाकारलं. इतक्या पावसात सुटलेल्या दरडीचा दोष गरिबांच्या खाचरांवर टाकू नका, असं त्यांचं म्हणणं. मी तिथे गेलो, बघितलं, वाचलं. दोन एकरांच्या खाचरासाठी राबणाऱ्या घराला आणि दोनशे प्लॉट पाडणाऱ्याला एकाच शब्दाने मोजू नये, हे माझं मत मात्र पक्कं झालं. महाडजवळचं तळिये २२ जुलै २०२१ ला गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. खालापूरजवळची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. या वाड्यांवर कुणी प्लॉट पाडले नव्हते. डोंगर स्वतःहूनही सुटतो. जो स्वतःहून सुटू शकतो त्याचा पाय आपण कापतो, हे ध्यानात ठेवूनच कापायला हवं.

माळीणच्या लोकांसाठी जवळच आमडे इथे नवं गाव बांधलं गेलं. तेही उतारावर. जमीन कापून, भरून, टप्पे करून. २०१७ च्या एप्रिलमध्ये घरं ताब्यात दिली आणि पहिल्याच पावसाळ्यात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, काही भिंती ढासळल्या. दरडीतून वाचलेल्या माणसांनी जूनच्या पावसात पुन्हा अंगणातल्या भेगा बघाव्यात, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. भराव कसा घालायचा हे रस्त्याच्या कामावरचा साधा मुकादमही सांगतो. वीतभर जाडीचा थर, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दबाई झाली की वरचा थर. खालच्या उताराला आधी पायऱ्या पाडायच्या, म्हणजे भराव घसरत नाही. तळातून पाणी निघायला वाट ठेवायची. आणि वर घर बांधायची घाई करायची नाही.

*

नियमांनी खरंच फरक पडतो का, या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर मला फार लांबच्या शहरात सापडलं. अमेरिकेतलं लॉस एंजेलिस हे डोंगरउतारांवर पसरलेलं शहर. तिथे १९५२ साली जमिनीच्या कापणी-भराईवर पहिला स्थानिक नियम आला आणि १९६३ मध्ये तो पुष्कळ कडक झाला. भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल हवा, कटाचा उतार किती असावा, भरावाची दबाई तपासावी, पाण्याचा निचरा कसा व्हावा, आणि काम चालू असताना तज्ज्ञाने जागेवर येऊन बघावं. १९६९ च्या हिवाळ्यात तिथे मोठी वादळं आली आणि हिशोब करायची संधी मिळाली. १९५२ च्या आधीच्या सुमारे १०,००० जागांपैकी १,०४० जागांचं नुकसान झालं होतं. १९५२ ते १९६२ मधल्या २७,००० जागांपैकी ३५० चं. आणि १९६३ नंतरच्या ११,००० जागांपैकी फक्त १७ चं. तेच डोंगर, तोच पाऊस. दर हजारी शंभराहून जास्त जागा जिथे पडत होत्या, तिथे दोनही पडल्या नाहीत. त्या नियमात मातीची किंमत कुठेच नव्हती. माती कशी उभी राहील आणि पाणी कुठून जाईल, एवढंच होतं.

आपल्याकडे या जातीचा नियम अगदीच नाही असं नाही. पुण्यात डोंगरमाथा आणि डोंगरउतार यांच्यासाठी वेगळा झोन आहे, आणि एकास पाचपेक्षा जास्त चढ असलेल्या जमिनीवर बांधकामाला मनाई आहे. पाच फूट आडवं चाललं की एक फूट चढ. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही ही रेषा आहे. शहरात समाविष्ट झालेल्या गावांच्या आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखल्या, त्यासाठी नागरिकांनी दहा वर्षांच्या वर लढा दिला. या सगळ्या माणसांबद्दल मला कृतज्ञता आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर आजही सकाळी मोर ओरडतात ते त्यांच्यामुळे.

पण या रेषेत एक भोक आहे. चढ मोजायचा तो आजच्या जमिनीचा. आधी रातोरात उतार कापला, टप्पा सपाट केला, दोन पावसाळे गवत येऊ दिलं आणि मग मोजणी मागितली, तर त्या तुकड्याचा चढ एकास पाच भरत नाही. टेकडी स्वतःच्याच झोनमधून बाहेर पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर समोच्चरेषा आहेत, उपग्रहाची चित्रं आहेत. मोजणी त्यांवरून व्हावी, मूळ जमिनीचा चढ हाच चढ धरावा, एवढं एक वाक्य नियमात आलं तर पुष्कळ टेकड्या वाचतील असं मला वाटतं.

गोव्याने या बाबतीत आपल्यापुढे पाऊल टाकलं होतं. तिथल्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात १९९७ साली कलम १७अ घातलं गेलं. प्रमुख नगर नियोजकाच्या लेखी परवानगीशिवाय डोंगराळ जमीन कापायची नाही आणि सखल जमीन बुजवायची नाही. कापणी आणि भराई एकाच वाक्यात. हे वाक्य लिहिणाऱ्याला गोव्याची जमीन समजलेली होती, कारण वरच्या डोंगराची लाल माती खालच्या खाजनात जाऊन पडते हा तिथला रोजचा अनुभव. खाजन म्हणजे बांध घालून आणि मानशीने, म्हणजे बांधातल्या दाराने, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करून शतकानुशतकं राखलेली शेती. एकदा त्यावर भराव पडला की बांध, मानस, मासे, भात सगळंच जातं. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये २५ टक्क्यांहून जास्त उतारावर विकासाला पूर्ण मनाई केली गेली.

आणि तरी गोव्याची वर्तमानपत्रं डोंगरकापणीच्या बातम्यांनी भरलेली असतात. गणपती, दिवाळी, नाताळ अशा सलग सुट्ट्या आल्या की तिथे जिल्हाधिकाऱ्यांना भरारी पथकं नेमावी लागतात, कारण कार्यालयं बंद असली की यंत्रं चालू होतात. जवळजवळ सगळीकडे हीच वेळ. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पोकलेन येतो आणि सुट्टी संपेपर्यंत डोंगर गेलेला असतो. कलम १७अ चं दुसरं दुखणं परवानगी देण्यातच आहे. डोंगर कापण्याआधी झोन बदलून घेता आला, तर कापणीची परवानगी ही पुढची पायरी ठरते. २०२३ साली कलम १७(२) आलं, आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट उघडली. लोक न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले.

*

आता पुन्हा आमच्या ओढ्याकडे.

वर्षभराने मी भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा काढला. त्यात ओढा होता. दोन बारीक रेषांमध्ये, वळणं घेत, त्या भराव झालेल्या रानातून सरळ खाली. पट्टी धरून मोजली तर रुंदी २२ फुटांच्या आसपास येत होती. सातबाऱ्यावर त्याच गटात पोटखराब वर्ग ब खाली काही आर क्षेत्र लिहिलेलं होतं. वर्ग ब म्हणजे रस्ते, नाले अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली, पिकाखाली न धरायची जमीन. महसूल अधिनियमाच्या कलम २० खाली नद्या-नाल्यांचे तळ सरकारच्या मालकीचे. म्हणजे आमचा ओढा कागदावर तीनदा जिवंत होता. जमिनीवर त्याच्या जागी दोन फुटांचा पाइप होता.

वाट सापडली ती एका जुन्या शेतकऱ्यामुळे. भरावाच्या वरच्या अंगाला त्यांचं सीताफळाचं रान. पाणी अडल्याने त्यांच्या तीन ओळी पाण्यात उभ्या राहून मेल्या होत्या. त्यांनी रॉयल्टीबद्दल एक शब्द काढला नाही. ते मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे गेले. हा कायदा १९०६ चा. शेतजमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणारं पाणी कुणी बेकायदा अडवलं आणि त्याने शेताचं नुकसान झालं, तर तो अडथळा काढून टाकण्याचा अधिकार त्याच्या कलम ५ ने तहसीलदाराला दिला आहे. अट एकच, सहा महिन्यांच्या आत जायचं. शेतरस्त्याच्या भांडणांत हा कायदा गावोगाव वापरतात, पाण्यासाठी तो आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या कलमात मातीचं मोल नाही, पाण्याची वाट आहे.

स्थळपाहणीला आम्ही सगळे गेलो. मंडळ अधिकारी नकाशा हातात धरून भरावावरून चालत होते आणि शेतकरीदादा पुढे चालत जुना काठ पायाने दाखवत होते. इथे उंबर होता, इथे गुरं पाणी प्यायची. पंचनाम्यात पहिल्यांदाच ओढा हा शब्द आला. आदेश झाला, त्यावर स्थगिती आली, ती उठली. गेल्या मे महिन्यात पोकलेन पुन्हा आला, या वेळी दिवसा, आणि भराव मधोमध उघडला. पाइप बाहेर काढून कडेला टाकला. तळाशी जुने गोटे लागले, गुळगुळीत, शेवाळाचा काळा डाग अजून अंगावर असलेले.

उघडलेली वाट मी मोजली. साडेअकरा फूट. नकाशातल्या रुंदीच्या जेमतेम निम्मी. कडेचा भराव कच्चाच आहे, दबाई नाही, पिचिंग नाही, पावसात दोन ठिकाणी ढासळला. पण यंदाच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी आलं नाही. रखवालदाराच्या मुलीने ऑगस्टमध्ये ओढ्यातले खेकडे डबीत आणून आम्हाला दाखवले. उरलेल्या रुंदीसाठी अर्ज दिला आहे, सोबत जुन्या नकाशाची प्रत जोडली आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.